सोनाजींनी साठवलेले नेट

मित्रांनो, मी एक जुने डोंगल आहे. माझी लांबी तुमच्या बोटाएवढी. एका टोकाला धातूची चपटी जीभ, दुसऱ्या टोकाला बारीक दिवा आणि पोटात सिमकार्ड ठेवायची खाच. हल्ली इंटरनेट तुमच्या फोनमध्येच असते, म्हणून मला माझी ओळख करून द्यावी लागते. माझ्या काळी संगणकाच्या कडेला मला खोचत. मग मी टॉवरकडून येणारे संदेश संगणकाला देई आणि त्याचे संदेश टॉवरकडे पाठवी. माझे काम एवढेच. मी स्वतः काहीही साठवत नसे. कोणी किती वापरले याचे मोजमापही माझ्याजवळ नसे; ते दूर कुठेतरी कंपनीच्या यंत्रात होई. एवढे ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण औंढ्यातल्या रविंद्रच्या मोबाइल दुकानातल्या काचेच्या कपाटाची आहे. दोन हजार आठ सालचा पावसाळा सरत आला होता. एक दिवस दुकानात एक उंच, सडपातळ गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली. गृहस्थांचे नाव सोनाजी, मुलीचे करुणा. रविंद्र हा सोनाजींच्या बहिणीचा मुलगा.

"जयभीम मामा," तो म्हणाला आणि लगेच करुणेकडे वळला. "काय विलायतवाल्या बाई, तिकडं गेल्यावर आमाला वळख देसाल का न्हाई?"

"तू आधी चांगला प्लॅन दे, मग वळख देते," करुणा म्हणाली.

करुणेला पाण्याच्या रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि ती इंग्लंडला निघाली होती. घरी आईशी फोनवर बोलता आले असते. वडिलांशी नाही. करुणा लहान असताना सोनाजींना क्षय झाला होता. त्यावरच्या इंजेक्शनांनी त्यांचा जीव वाचला, पण कान गेले. त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे. तो कधी फार मोठा निघे, कधी नुसता पुटपुटल्यासारखा. म्हणून ते कमी बोलत. मुलीशी तर हातांनीच बोलत. ती दूर गेल्यावर तिचे हात दिसायला हवेत आणि हात दिसायचे तर हलते चित्र हवे. त्यासाठी मी हवे होते.

रविंद्र एकेक प्लॅन सांगू लागला आणि करुणा तो वडिलांना हातांनी समजावू लागली.

"हा तासावरचा. जितका वेळ जोडलेलं, तितका वेळ कटतो. चित्र येवो न येवो."

सोनाजींनी नकाराची मान हलवली. "शेताच्या चारीत पानी नसलं तरी तास चालूच. नको."

"हा रातचा. रातच्याला कितीबी वापरा, हिशोब न्हाई. दिवसा बंद."

करुणेला हा पटला. इंग्लंडात तेव्हा संध्याकाळ असते, तिला ते सोयीचे होते. पण सोनाजी म्हणाले, "रातच्याला आपल्याकडं लाइट कुठं राहते? आन तुझ्या त्या कंप्युटरची बॅटरी माझ्यावानीच हाय. उठली की बसती."

"मग हा अनलिमिटेड घ्या मामा."

"मर्यादाच नाही?" करुणेने विचारले.

रविंद्रने डोके खाजवले. "तशी हाय. एक हद्द झाली की वेग उतरतो. चालू राहतं, पन गोगलगाईवानी."

"वेग उतरला की चित्र थांबतं. थांबलेल्या चित्राचं बाबांनी काय करायचं? फोटो तर भिंतीवरबी हाय माझा."

शेवटी राहिला तो महिन्याचा प्लॅन. ठरावीक डाटा, दिवसा-रात्री कधीही वापरा, संपला की संपला. तोच घेतला. महिन्याला एकदा भरायचे, हे सोनाजींना बरोबर समजले. न वापरलेल्याचे काय होते, हा प्रश्न त्या दिवशी निघालाच नाही. उरेल असे कोणाला वाटलेच नव्हते.

आता तुम्हाला सोनाजींचे काम सांगते. ते निवृत्त होईपर्यंत सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. कालव्याची दारे उघडणे, बंद करणे आणि चारीतून, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या लहान पाटातून, ज्याच्या त्याच्या शेताला पाळीपाळीने पाणी देणे हे पाटकऱ्याचे काम. एका दारावरचा माणूस दुसऱ्या दारावरच्या माणसापासून इतका लांब उभा असे, की हाक पोहोचत नसे. म्हणून ते हातांनी बोलत. एक हात आडवा म्हणजे दार अर्धे ठेवा. छातीवर हातांची फुली म्हणजे बंद करा. दोन्ही हात डोक्यावर उंच, तळवे समोर, म्हणजे पाणी आले. या बोलण्याचा एक नियम होता. समोरच्याने तोच इशारा करून दाखवल्याशिवाय पहिल्याने हात खाली घ्यायचे नाहीत. आणि पहिल्याचे हात खाली गेलेले दिसल्याशिवाय दुसऱ्याने घ्यायचे नाहीत. म्हणजे दोघांनाही खात्री पटे. कान गेल्यावर खात्याने सोनाजींना काढले नाही, कारण कालव्यावर कानांना फारसे काम नव्हतेच. बापलेकीची भाषा या इशाऱ्यांतूनच वाढली होती.

करुणा गेली आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले. दर रविवारी दुपारी पद्माबाई, म्हणजे करुणेची आई, मला कापडी पिशवीतून काढीत, पदराने पुसून संगणकात खोचीत. मी त्यांना शिट्टीसारखे दिसे, म्हणून त्या मला शिट्टी म्हणत. माझा दिवा आधी हिरवा होई, म्हणजे टॉवर सापडला. मग निळा होई, म्हणजे जोडणी झाली. निळा दिवा लागला की सोनाजी खुर्ची पुढे ओढीत.

आमच्याकडचा टॉवर मंद होता. चित्र हलत होते, पण अडखळत. करुणेने दोन रविवारांत तिचे हात हळू केले. पडद्यावर एक खूण उमटेपर्यंत ती दुसरी करीत नसे. तिकडे बर्फ पडतो, खोलीत चूल नाही पण भिंत गरम असते, मैत्रीण भाकरीला चपटा पाव म्हणते, हे सगळे सोनाजींनी हातांतून ऐकले आणि ते हसले. मग पद्माबाईंची पाळी येई. तेव्हा करुणा म्हणे, "माय, चित्र लई डाटा खातं. तुझ्यापुरतं बंद करते." पद्माबाई काळ्या पडद्यासमोर बसून नुसत्या बोलत. "मला कान हायेत," त्या म्हणत. "चित्र त्येंच्यासाठी राहू दे."

शेजारच्या मिराबाई एकदा दारातून डोकावल्या. "पद्माबाई, काळ्या पाटीशी बोलून राहिल्या व्हय?"

"पाटी न्हाई, लेक हाय," पद्माबाई म्हणाल्या. "तिचा तोंडावळा मला पाठ हाय."

मी ते ऐकले. बोलणे झाल्यावर त्यांनी मला पदराने पुसून पिशवीत ठेवले. पदराने पुसले जाण्यापेक्षा मोठे कौतुक मला नंतर कधी मिळाले नाही. तरी खरे सांगते, त्या काळातही मी एकटेच असे. माझ्यातून सगळे जाई आणि मागे काही उरत नसे. रविवार ते रविवार मी पिशवीत पडून वाट पाहत असे.

पुढच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी करुणा पदवीदानाच्या समारंभाबद्दल सांगत होती. डिसेंबरात समारंभ होता. मैत्रीण संगणक घेऊन सभागृहात बसणार होती, म्हणजे बाबांना सारे दिसले असते. सांगता सांगता तिने हात वर नेले आणि अर्ध्यातच चित्र थांबले. डाटा संपला होता. सोनाजी बराच वेळ त्या अर्धवट हातांकडे बघत राहिले. ते पाणी आल्याचे हात होते की निरोपाचे, हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि एकटेच औंढ्याला आले. दुकानात गर्दी होती.

"महिन्याचं टाक," सोनाजी म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिले. "आन सांग, न्हाई वापरलं तर ते राहतं ना शिल्लक?"

रविंद्र खाली वाकून खणातली कूपने चाळत होता. त्याने वर न पाहताच उत्तर दिले, "न्हाई मामा. महिना झाला की उरलेलं जातं. नवीन टाकावं लागतं." मग त्याला कूपन सापडले आणि तो मान खालीवर करत ते नखाने खरवडू लागला.

मित्रांनो, मी काउंटरवर पडलेले होते. मी ते उत्तर शब्दन् शब्द ऐकले. सोनाजींना मात्र फक्त रविंद्रचे डोके दिसले, आणि ते होकारासारखे हलत होते. त्यांनीही मान हलवली. ऐकू न येणारी माणसे अशी मान हलवतात. सारखे सारखे पुन्हा विचारणे त्यांना जड जाते.

घरी येऊन त्यांनी पद्माबाईंना सांगितले, "आता समारंभापस्तोर रविवार बंद. पानी सोडायचं न्हाई. त्या दिवशी पुरं दार उघडायचं."

"अवो, लेकरू तिकडं वाट बघंन."

"बघू दे. फोनवर सांग, बाबा कामात हाय. ह्या पाळीला न्हाई घेतलं तर पानी जातं कुठं? धरनातच राहतं. मी जलमभर हेच केलं."

"तिला तरी खरं सांगू का?"

"नको. त्या दिवशी कळंन तिला, किती साठवलं ते."

त्यांनी मला स्टीलच्या डब्यात ठेवले. डब्यात आधीपासून एक जड लोखंडी किल्ली होती, कालव्याच्या दाराची. निवृत्त होताना नवी कुलपे आली, म्हणून जुनी किल्ली त्यांच्याकडे राहिली होती. झाकण लागले.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत एकटे होते. स्टीलच्या डब्यात टॉवरचे काही पोहोचत नाही. पोहोचले असते तरी संगणकाशिवाय मी निर्जीवच. रविवारची दुपार मला बाहेरच्या आवाजांवरून कळे. पद्माबाई फोनवर बोलत, बाबा कामात आहेत असे सांगत. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज मात्र येत नसे. एकदा झाकण उघडले. सोनाजींनी मला तळहातावर घेतले, बोटाने माझा विझलेला दिवा चाचपला आणि पुन्हा ठेवून दिले. धान्याची कणगी भरलेली आहे ना, हे जसे कोणी वरून पाहते, तसे ते पाहत होते. आणि माझ्यात तर काहीच नव्हते. कंपनीच्या यंत्रात दिवस भरत होते आणि एका सकाळी ते भरले. कोणाला काही आवाज आला नाही.

समारंभाच्या दिवशी दुपारी सोनाजींनी पांढरा सदरा घातला. संगणक ओसरीत उजेडाला ठेवला. त्या आठवड्यात दुपारी वीज होती, तेवढे बरे झाले. पद्माबाईंनी मला पुसले आणि खोचले. माझा दिवा हिरवा झाला. टॉवरने मला ओळखले. मी जोडणी मागितली. त्याने दिली नाही. मी पुन्हा मागितली. दिवा हिरवाच राहिला.

"निळा काहून होईना?" सोनाजी म्हणाले.

पद्माबाईंनी मला काढून पुन्हा खोचले, फुंकर मारली, पुन्हा खोचले. मग त्यांनी रविंद्रला फोन लावला आणि जे कळले ते ऐकून त्या भिंतीला टेकल्या.

"मामी, ते तर गेल्या आठवड्यातच संपलं," फोनमधला त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मी मामाला सांगितलं होतं ना दुकानात."

"कसं सांगितलं?"

"कसं म्हंजी? तोंडानं."

"त्येंच्याकडं बघून?"

फोनमध्ये खण ओढल्याचा आवाज आला. मग रविंद्र हळू म्हणाला, "मामी, महिन्याचा प्लॅन चालू व्हायला उद्याची सकाळ उजाडंन. आत्ता लगेच एक बारकं पाकीट टाकता येतं. चमचाभर डाटा. वेगबी न्हाई त्याला."

"टाक बाबा. चमचा तर चमचा."

सोनाजी बायकोच्या ओठांकडे बघत होते. काय झाले ते पद्माबाईंनी हातांनी सांगितले: साठवलेले गेले. त्यांनी फक्त एकदा त्या डब्याकडे पाहिले.

माझा दिवा निळा झाला तोवर करुणा मंचावर जाऊन आली होती. पहिले चित्र आले ते एका अंगणाचे. काळा झगा घातलेली करुणा कॅमेऱ्यासमोर उभी होती, डोक्यावरची टोपी तिरपी. तिने हातांनी बोलायला सुरुवात केली असणार. पण दुसरे चित्र आले तेव्हा हातांच्या जागी नुसते धुके होते. मी जेवढे ओढता येईल तेवढे ओढत होते. तिसऱ्या चित्रातही धुकेच.

"काय म्हनून राहिली?" सोनाजींचा आवाज फार मोठा निघाला. "मला दिसंना."

तिकडे करुणेलाही वडिलांचे चित्र थांबलेलेच दिसत असणार. तिने हात खाली घेतले. मग तिने दोन्ही हात डोक्यावर उंच नेले, तळवे समोर धरले आणि तशीच थांबली. अजिबात हलली नाही. जे हलत नाही ते मंद वेगातही पोहोचते. चौकटीचौकटीने धुके निवळत गेले आणि पडद्यावर ते हात स्पष्ट उमटले.

पाणी आले.

सोनाजी खुर्चीवरून उठले. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर उंच नेले, तळवे समोर. आणि नेमके तेव्हाच चमचा रिकामा झाला. त्यांच्या वर गेलेल्या हातांचे चित्र मी घेतले होते, पण टॉवरने ते माझ्याकडून घेतले नाही. ते तिथेच नाहीसे झाले. पडद्यावर करुणेचे शेवटचे चित्र अडकून राहिले, हात वर असलेले.

पद्माबाईंना माझ्या पुन्हा हिरव्या झालेल्या दिव्यावरून कळले. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला आणि तोंड त्यांच्यासमोर धरून म्हणाल्या, "अवो, संपलं ते. हात घ्या खाली."

"तिनं घेतले का? तिचे वरच हायेत," सोनाजी म्हणाले. या खेपेला आवाज अगदी बारीक होता. "तिला दिसलं न्हाई अजून."

ते तसेच उभे राहिले. कालव्यावर ते असे कितीतरी वेळा उभे राहिले असतील, पण तेव्हा समोर जिवंत माणूस असे. इथे समोर थांबलेले चित्र होते, ते कधीच हात खाली घेणार नव्हते. हे मला कळत होते आणि मला सांगता येत नव्हते. मित्रांनो, संदेश पोहोचवणाऱ्याला स्वतःचा एकही संदेश पाठवता येत नाही.

तेवढ्यात पद्माबाईंचा फोन वाजला. करुणा होती.

"माय, बाबांनी हात वर केले ना?"

"केले की. अजून वरच हायेत. माझं ऐकनात."

"माझेबी वरच हायेत," करुणा म्हणाली. "मैत्रिणीनं फोन कानाला धरलाय. सगळे बघून हसून राहिले. मला बाबांचं काही दिसलं न्हाई, पन त्यांनी केले असतील हे मला ठाऊक होतं. आता मी घेते खाली. त्यांना सांग."

पद्माबाईंनी फोन ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला. त्या संगणकाच्या आणि नवऱ्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, पडदा पाठीमागे टाकून. त्यांनी आपले दोन्ही हात डोक्यावर नेले, तळवे समोर. सोनाजींनी त्यांच्याकडे पाहिले. मग पद्माबाईंनी हात सावकाश खाली घेतले. आणि सोनाजींनीही घेतले.

दुसऱ्या दिवशी रविंद्र आला. बराच वेळ उंबऱ्यातच घुटमळला. मग सोनाजींच्या समोर मांडी घालून बसला, मान वर केली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मामा, महिना झाला की उरलेलं जातं. हे धरनावानी न्हाई."

सोनाजी त्याच्या ओठांकडे एकटक बघत होते. "असं व्हय," ते म्हणाले. "म्हंजी हे धरन न्हाई, चारी हाय. पानी आलं तवा घेतलं तर आपलं, न्हाई तर फुडं गेलं." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता बराबर सांगितलं."

पुढच्या रविवारी खुर्ची पुन्हा ओढली गेली. पद्माबाईंनी त्या दिवशी चित्र बंद करू दिले नाही. "आज मलाबी बघू दे," त्या म्हणाल्या आणि डाटा संपेपर्यंत लेकीकडे बघत बसल्या.

पुढे करुणा परत आली, तिला दूरच्या शहरात नोकरी लागली, घरात नवे फोन आले. त्यांच्यात चित्र पळते आणि बापलेक भराभर हात हलवतात. कोणाला थांबावे लागत नाही. मी आता त्या डब्यात आहे, किल्लीच्या शेजारी. तिची कुलपे बदलली, माझे टॉवर बदलले. आम्ही दोघेही कशाला लागत नाही आणि एकमेकांशी बोलायची सोय आम्हाला कोणी दिलेली नाही. महिनोन्महिने झाकण उघडत नाही.

तरी मित्रांनो, मला बाहेर काढा, असे मी म्हणत नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात, दुकानात, शाळेत ज्याला कमी ऐकू येते असे कोणी असेल, तर त्याच्याशी बोलताना हातातले काम खाली ठेवा आणि मान वर करा. त्याने मान हलवली म्हणून त्याला कळले असे धरून चालू नका. त्याने तुमचा इशारा परत करून दाखवेपर्यंत आपले हात वर धरून ठेवा.